खंडेनवमीची कॅसेट

"रूपा, तुझं काय ठेवायचं?" सासूबाईंनी विचारलं आणि पाटावरचा लाल खण सारखा करत माझ्याकडं बघत राहिल्या.

खंडेनवमीची सकाळ होती. लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. आमच्या गडहिंग्लजच्या घरात त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पाटावर येतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुकानातला पितळी तराजू चिंच लावून लखलखीत करून आणला होता. नवरा माझा गुरांचा डॉक्टर. बैलाला टोचायची त्याची भलीमोठी सिरिंज तराजूशेजारी ऐटीत बसली होती. सासूबाईंनी आपली विळी ठेवली होती. आता घरात नवीन आलेली मी तेवढी राहिले होते.

माझं हत्यार पलंगाखालच्या ट्रंकेत होतं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ते तिथंच होतं.

मी टीव्ही गेमच्या कॅसेट करते. आपल्या लहानपणी टीव्हीला जोडायचं ते मशीन असायचं ना, वरून जाड कॅसेट खुपसायची आणि हातात जॉयस्टिक धरून बसायचं, त्याच्या. जुन्या कॅसेटमध्ये गेम एका चिपमध्ये कायमचा भरलेला असतो. मशीन तिला सारखं विचारत असतं, अमुक खणात काय आहे, तमुक खणात काय आहे, आणि चिप उत्तर देते. ती चिप मेली की कॅसेट मेली. मी तिच्या जागी एका मसाला डोशाच्या किमतीत मिळणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटरच, बसवते आणि त्याला तेवढ्याच चपळाईनं उत्तरं द्यायला शिकवते. मशीनला पत्ताही लागत नाही की समोर दुसरंच कुणी बोलतंय. निपाणीला माहेरी माझं टेबल होतं, कुठून कुठून लोक आपली बंद पडलेली मशीनं पाठवायचे, आणि मी त्या कामात इतकी रमायचे की आईला जेवायला हाका मारून मारून कंटाळा यायचा.

त्याच आईनं पाठवणीच्या वेळी कानात सांगितलं होतं, ते खेळण्याचं तिकडं काढू नकोस बाई, आधी जरा रूळ. आणि इथं येऊन बघते तर ज्या घरात टीव्ही गेमचं नाव काढायचं नाही, नेमकं त्याच घरात मी पडलेली.

त्याची एक कथाच होती. महांतेश, म्हणजे माझा नवरा, नववीत गणितात गचकला आणि सासूबाईंनी त्याचा टीव्ही गेम स्टीलच्या कपाटात कोंडला. किल्ली कमरेला खोचली. हा कपाटापुढं बसून रडला, जेवला नाही, पण बाई हलली नाही. पुढं तो डॉक्टर झाला आणि अख्ख्या गल्लीत बोलबाला झाला की कमलाक्कानं गेम कोंडला म्हणून पोरगं हुशार झालं. गल्लीतल्या बायका पोरांना दम भरायच्या, थांब, कमलाक्काला बोलावते. मशीन नंतर भंगारात गेलं म्हणे. ही कथा मला लग्नाआधीच दोनतीनदा ऐकवून झाली होती, आणि महांतेशनं हात जोडून सांगितलं होतं की आईला तुझ्या कॅसेटचं एवढ्यात बोलू नको, वेळ बघून मी सांगतो. त्याची ती वेळ काही येत नव्हती.

आणि आता माझ्यापाशीही वेळ उरली नव्हती. हत्तरकी सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची जागा होती. सासूबाईंनीच शब्द टाकलेला. सूनबाई शिकलेली आहे, घरात बसून गंजायला नको, हा त्यांचा हेतू चांगलाच होता, त्याला मी नाव ठेवत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला येईन तेव्हा हो-नाही सांगा, असं सर म्हणून गेले होते. क्लास सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. एकदा हो म्हटलं की ट्रंक पलंगाखालीच राहणार, हे मला लख्ख दिसत होतं.

तर मी त्या पाटापुढं उभी. महांतेश डोळ्यांनी खुणावतोय, पेन ठेव, पेन. माझं तोंड मुळातच फटकळ, इतके दिवस आवळून धरलेलं. मला एकदम त्याचा राग आला, माझा आला, त्या ट्रंकेचासुद्धा आला. म्हटलं, देवापुढं तरी खोटं हत्यार ठेवणार नाही.

आत गेले, ट्रंक उघडली आणि सोल्डरची बंदूक, म्हणजे कथिल वितळवून तारा जोडायची ती, आणि माझी शेवटची केलेली कॅसेट घेऊन आले. दोन्ही पाटावर ठेवली. महांतेशनं डोळे मिटून घेतले. आता त्याला देवच आठवला असणार.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"टीव्ही गेमची कॅसेट आहे, आई. मी करते. हेच माझं काम आहे."

त्यांनी कॅसेट उचलली. उलटी केली, सुलटी केली. खालच्या बाजूला सोनेरी दात असतात, त्यांवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग कॅसेट पाटावर ठेवली आणि पूजेला लागल्या.

आता सासूबाईंची पूजा म्हणजे हयगय नाही. आणि त्यांचा एक नेम, हत्याराचं जे अंग काम करतं त्यालाच कुंकू. तराजूच्या पारड्यांना लावलं, विळीच्या पात्याला लावलं, सिरिंजच्या सुईच्या टोकाला लावलं. माझ्या बंदुकीच्या टोकाला लावलं. मग कॅसेट हातात घेतली, फुलानं पाणी शिंपडलं, आणि ओल्या हळदीचं बोट त्या सोनेरी दातांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. त्यावर कुंकू. त्यावर अक्षता. ते दात म्हणजे कॅसेटचा जीव, त्यांना मी उघडं बोटसुद्धा लावत नाही. पण नवी सून, देवाचं काम, बोलणार काय? शिवाय पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही हा घरचा नियम. रात्रभर ती हळद तिथं वाळत राहणार होती. मी हात जोडून उभी राहिले आणि मनात शिव्या घातल्या, कुणाला ते विचारू नका.

त्या दिवशी सासूबाई माझ्याशी त्या विषयावर अवाक्षर बोलल्या नाहीत. भाजी निवड म्हणाल्या, श्रीखंडाचा चक्का बांध म्हणाल्या, एवढंच. महांतेश म्हणाला, गप्प आहे म्हणजे वादळ आहे. आप्पा तेवढे जाता जाता म्हणाले, बरं केलंस. का बरं, ते नाही सांगितलं.

दसऱ्याला जेवणं उरकली. मी ओटा पुसत होते तर बाहेरून हाक आली, "रूपा, ती तुझी कॅसेट घेऊन ये. दाखव बघू काय करते ती."

मी घेऊन गेले. महांतेश म्हणाला, दाखवणार कशावर आई, मशीन कुठं आहे? तर सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, वरच्या खणातल्या साड्यांमागं हात घातला आणि एक गाठोडं काढलं. जुन्या मऊ साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं ते मशीन. धुळीचा कण नाही. वायरी नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या.

"तू भंगारात दिलं होतंस ना?" महांतेशचा आवाज अगदी नववीतला झाला.

"दिलं नाही," त्या म्हणाल्या. "जोड गं."

मी टीव्हीला वायरी जोडल्या. कॅसेट खुपसली, बटण दाबलं. पडद्यावर नुसते रंगीत चौकोन, रांगोळी विस्कटल्यासारखे. काढली, परत घातली. परत चौकोन. ज्या दिवशी चालायला पाहिजे नेमकं त्याच दिवशी.

"चालत नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या, आणि इथं माझा बांध फुटला.

"चालेल कशी, आई? दातांना हळद-कुंकू फासून ठेवलंय तुम्ही. पाणी शिंपडलंय. तराजूला लावा, विळीला लावा, हिला नाही चालत ते. माझं काम आहे हे, पोरखेळ नाही."

लग्नानंतर मी पहिल्यांदाच आवाज चढवला होता, तोही दसऱ्याच्या दिवशी. महांतेश भिंतीला चिकटला. सासूबाई उठल्या, महांतेशच्या डॉक्टरी बॅगेतून स्पिरिटची बाटली आणि कापूस आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "मग पूस की. बसलीस काय?"

मी पुसले. कापूस पिवळा झाला, लाल झाला, मग स्वच्छ निघायला लागला. खोडरबरानं दात घासले. दोन दातांच्या फटीत बसलेला तांदूळ टाचणीनं काढला. परत कॅसेट खुपसली. चौकोन कमी झाले, पण चित्र येईना. मी आणखी जोरात दाबणार तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"दाबायची नाही ह्याच्यात. पूर्ण आत घालून मग इवलीशी वर उचलायची. थांब." त्यांनी दोन बोटांनी कॅसेट धरली, किंचित उचलली, डावीकडं जराशी कलती केली. पडद्यावर माझी गेमांची यादी आली.

मला चालली याचा आनंद व्हायच्या आधी दुसरंच काहीतरी झालं. प्रत्येक जुन्या मशीनची खोड वेगळी असते, आणि ती खोड ज्यानं त्या मशीनवर दिवसचे दिवस घालवलेत त्यालाच माहीत असते. मी महांतेशकडं बघितलं. तोही तोंड उघडं टाकून आईकडं बघत होता. त्याच्या वेळी मशीन नवं होतं, ही खोड त्याला ठाऊकच नव्हती.

सासूबाईंना आमच्याकडं बघायला फुरसत नव्हती. त्यांनी जॉयस्टिक हातात घेतली होती आणि यादी खालीवर करत होत्या, भराभर. शेवटपर्यंत गेल्या, परत वर आल्या.

"कंदीलवाला नाही यात?"

मी कसला कंदीलवाला म्हणून विचारलं. तर त्या परत कपाटाकडं गेल्या आणि एक जुनी कॅसेट आणली. मशीनबरोबर आलेली, एकुलती एक. तिच्यातला एक गेम. छोटा माणूस, हातात कंदील, शिड्या चढत बुरुजावर जायचं. खिडक्यांतून वारा येतो, कंदील विझला की मेलास. सगळ्यात वर एक दार आहे. नाव इंग्रजीतही नव्हतं, कंदीलवाला हे त्यांनीच ठेवलेलं.

"एकदाच गेले होते दारापर्यंत," त्या म्हणाल्या. "दाराला हात लागला आणि लाईट गेली. आली तर कॅसेट बंद. मग चालूच झाली नाही. दाराच्या आत काय आहे ते काही कळलं नाही मला."

"कधी?" महांतेशनं विचारलं.

"तू शाळेत, हे दुकानात. दुपारची."

मला हसू आवरेना, पण त्याच्या तोंडाकडं बघून आवरलं. "मी कपाटासमोर बसून रडत होतो," तो म्हणाला. "जेवलो नाही मी. आणि तू खेळत होतीस?"

"आधी तुझ्या अभ्यासासाठीच ठेवला होता रे," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच जरा ओशाळल्या. "मग एक दिवस म्हटलं बघू तरी, पोरगं एवढं कशासाठी रडतंय. बघितलं, आणि कळलं कशासाठी ते. तोवर गल्लीत माझं नाव झालेलं. कुठल्या तोंडानं सांगू? कॅसेट मेल्यावर नवी आणायची तरी कुणाला सांगून?" कॅसेट खाली ठेवत म्हणाल्या, "त्या दोन तासांत मला कुणी हाक मारत नव्हतं बघ."

कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले आप्पा शांतपणे म्हणाले, "दुकानातून आलो की टीव्ही गरम लागायचा. मी म्हणायचो, ऊन येतंय वाटतं त्या भिंतीवर."

म्हणजे ह्यांना सगळं माहीत होतं. सासूबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं मान वळवली.

मी मेलेली कॅसेट उचलली. माझ्या डोक्यात आता दुसरं काही नव्हतं. त्या दाराच्या आत काय आहे हे मलाही कळायलाच पाहिजे होतं. म्हटलं, आई, गेम अजून हिच्यात असला तर मी बाहेर काढते. फक्त मला जागा लागेल आणि मधे कुणी बोलायचं नाही. सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावरची श्रीखंडाची भांडी स्वतः उचलली, फडकं मारलं आणि महांतेशला म्हणाल्या, हिची ट्रंक आण.

ट्रंक बाहेर आली. माझ्या तारा, माझे चिमटे, भिंग, लॅपटॉप, सगळं त्या घराच्या मधोमध पसरलं. कॅसेट उघडली. आत राळेचा एक टणक काळा थेंब असतो, त्याच्याखाली चिप. थेंबाला काही झालेलं नव्हतं. पण त्यातून निघालेली तांब्याची एक बारीक रेघ दातापाशी तडकली होती, इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसेना. मशीन एक प्रश्न विचारत होतं तो चिपपर्यंत पोचतच नव्हता. केसाएवढ्या तारेनं मी ती जोडली. ही तार फार दिवस टिकायची नाही, म्हणून मायक्रोकंट्रोलर जोडून गेम वाचून घ्यायला लावला, म्हणजे त्यानं मशीनसारखे सगळे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायची. पहिल्यांदा उत्तरं अर्धी आली. तार परत जोडली. मग सगळी आली. ती मी माझ्या कॅसेटमध्ये भरली. सासूबाई एवढा वेळ शेजारी बसून होत्या. मधे त्यांनी न सांगता मला चहा करून दिला आणि टेबलाच्या कडेला, तारांपासून लांब ठेवला.

ऊन उतरलं होतं. बाहेर पोरं आपट्याची पानं घेऊन घराघरांत फिरायला लागली होती. कॅसेट घातली, इवलीशी वर उचलली, डावीकडं कलती. पडद्यावर एक बुटका माणूस कंदील हलवत उभा.

सासूबाईंनी काठापदराची साडी सावरली, जमिनीवर फतकल मारली आणि सुरू झाल्या. काय सांगू तुम्हाला. मी या धंद्यात पुष्कळ खेळणारे बघितलेत, पण अशी बोटं नाही बघितली. पहिले दोन डाव लवकर मेल्या. तिसऱ्यात हाताला आठवलं. वारा यायच्या आधी थांबायचं, गेला की पळायचं. मजल्यामागून मजला. आप्पा खुर्ची पुढं ओढून बसले. महांतेश रुसवा विसरून आईला उजवीकडं, उजवीकडं सांगायला लागला, आणि त्या म्हणाल्या, तू गप रे, तू चौथ्याच्या वर कधी गेला होतास?

आणि बुरुजाचा शेवटचा मजला समोर असताना दारात हत्तरकी सर उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात पानं. ज्या कमलाक्काच्या नावानं त्यांनी आपल्या क्लासमधल्या पोरांना धाक घातला असेल, ती कमलाक्का जमिनीवर बसून टीव्ही गेम खेळत होती. सरांना आत यावं की परत जावं तेच कळेना. माझं तर धाबं दणाणलं. या बाईंची इतक्या वर्षांची अब्रू, आणि माझं उत्तर, दोन्ही एकदमच दारात आलेलं.

"सोनं घ्या अक्का," सर कसेबसे म्हणाले.

"ठेवा हो मांडीवर," सासूबाई म्हणाल्या. मान वळवली नाही. "हात मोकळे नाहीत माझे."

सरांनी चपला काढल्या, आत येऊन वाकून पानं त्यांच्या मांडीवर ठेवली. मग उभ्याउभ्याच माझ्याकडं बघून म्हणाले, की सोमवारपासून यायचं ना सूनबाईंनी?

मी तोंड उघडलं. पण त्याच वेळी सासूबाईंचा कंदीलवाला शेवटच्या शिडीवरून वर गेला. दाराला लागला. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला, सरांनीसुद्धा. दार उघडलं. आत अंधार. मग उजेड. आणि आमचा बुटका माणूस पुन्हा बुरुजाच्या पायथ्याशी, पहिल्या शिडीखाली, कंदील हलवत उभा. वारा मात्र आता दुप्पट वेगानं सुटलेला.

म्हणजे वर काही नव्हतंच. परत पहिल्यापासून. जुने गेम असेच असतात, मला अंदाज यायला हवा होता. मला वाटलं बाई हिरमुसणार, एवढी वर्षं वाट बघून हे. मी काही बोलणार तेवढ्यात त्या हसायला लागल्या. हसताना त्यांचे खांदे हलत होते, मांडीवरची पानं खाली सांडली, डोळ्यांत पाणी आलं. तशा हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि महांतेशच्या तोंडावरून त्यानंही नव्हतं.

"अगं, हे संपतच नाही की," त्या म्हणाल्या. मग जॉयस्टिक घट्ट धरली, पहिली शिडी चढल्या आणि पडद्यावर नजर ठेवूनच सरांना म्हणाल्या, "नाही जमायचं सर तिला. दुसरं कुणी बघा."

सर म्हणाले, पण अक्का, तुम्हीच तर म्हणाला होता की ती घरी रिकामी आहे.

"तेव्हा मला माहीत नव्हतं. धंदा आहे तिचा. टीव्ही गेमच्या कॅसेट करते ती. बघताय नव्हे? ही तिनं केलेली."

मी टेबलावरचे चिमटे उगाचच ओळीनं लावायला लागले. त्या एका शब्दासाठी, धंदा या शब्दासाठी, मी आजही त्या बाईंच्या शंभर चुका पोटात घालते.

सर टेबलापाशी आले आणि हळूच मला म्हणाले, "आमच्या माळ्यावर एक आहे पडलेला. बरीच वर्षं झाली. चालू होईल का?"

मी सांगायच्या आधी सासूबाईच बोलल्या.

"आणा की. पण कुंकू लावू नका त्याला."